नवस त्यांचा, पोट माझं

"मग आता काढणार कधी?"

वजन मापात आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला, की मी मान वर न करता भाकरी थापता थापताच उत्तर द्यायला लागले, "काढेन तेव्हा दवंडी पिटवीन." माधवनगरात माझं भाकरी-पोळीचं केंद्र आहे. घराच्या पुढच्या खोलीत शेगड्या, एक लांबडं टेबल, आणि दाराशी सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाइकांची रांग. रांगेतल्या माणसाला हातात भाकरी पडेपर्यंत दुसरा उद्योग नसतो, म्हणून तो माझ्या पोटात डोकावत बसतो. फुकटचा सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातंय!

तर माझ्या पोटात पट्टा आहे. जठराच्या वरच्या अंगाला, आतून, बांगडीसारखा गोल बसवलेला. त्याची बारीक नळी कातडीखालच्या एका बटणाला जोडलीय. डॉक्टर सुईनं त्या बटणातून पाणी सोडतात तसा पट्टा आवळतो. पाणी काढून घेतलं की सैल होतो. आवळलेला असला की चार घासांत पोट भरल्याचं कळतं. एवढीच काय ती कला. यात करणी नाही, चेटूक नाही, आणि "आतडीच कापून टाकली म्हणे हिची" असं जे आमच्या गल्लीत दोन वर्षं चाललं होतं, तसलं तर काहीच नाही.

आधी मी कशी होते ते सांगते, म्हणजे उगाच फोटो मागायला नको. भावाच्या मुलीचं लग्न साताऱ्याला होतं. जेवणं उरकली, नवरीला निरोप द्यायला सगळे उठले, मीही उठले, आणि माझ्याबरोबर प्लास्टिकची खुर्चीपण उठली. खुर्चीच्या दोन्ही हातांच्या मध्ये मी अशी घट्ट बसलेली, की दोघींनी मागून ओढली तेव्हा ती सुटली. सगळा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. जाड माणसाला ते करावंच लागतं, आपण आधी हसलो की लोकांचं हसू जरा कमी टोचतं. परत येताना मात्र कराड येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून रडत होते. आमचे हे शेजारी बसून नुसते पेपरची घडी घालत होते आणि मोडत होते.

उपाय काय कमी केले? कारल्याचा रस झाला, कोमट पाण्यातला मध झाला, पहाटेचं चालणं झालं. उपास तर विचारूच नका. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दुप्पट, त्यावर दाण्याची आमटी, वर रताळ्याच्या फोडी. तो देवही म्हणत असेल, बाई, तू आपली रोजचंच जेव. गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, शेगडीपुढं उभं राहवेना. तेव्हा पुण्याला जाऊन पट्टा बसवून घेतला. आमचे हे सूतगिरणीत जॉबर होते, तुटलेला धागा जोडण्यात आयुष्य गेलेला माणूस. "तुला हवं ते कर," म्हणाले. ऑपरेशन झाल्यावर सासूबाई कवठे महांकाळच्या पलीकडच्या गावाहून आल्या, दवाखान्यातल्या खाटेशेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पैसं मोजून उपाशी ऱ्हायाचं? लय शिकल्याली माणसं बाबा तुमी."

पुढची वर्षं सोपी नव्हती. घास चावायचा म्हणजे काय करायचं हे मला पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळलं. घाईत गिळला की तो छातीशी अडून बसायचा, तोंडाला फेस यायचा, आणि मी पिठाच्या हातांनी मोरीकडं पळायचे. दिवसभर लोकांसाठी भाकऱ्या थापायच्या आणि आपण चतकोर दुधात कुस्करून अर्धा तास चघळत बसायचं. बारीक व्हायला लागले तसं एक गिऱ्हाईक मला तोंडावर म्हणालं, "मावशी, स्वयंपाकीण कशी अंगापिंडानं भरलेली असावी. तुमच्याकडं बघून भाकरीवरचा विश्वास उडतोय." त्याला म्हटलं, "मग भाकरीकडं बघ, माझ्याकडं कशाला बघतोस मेल्या!" पण वजन उतरत गेलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावर काटा येऊन थांबला त्या दिवशी मी दवाखान्यातून बाहेर पडून समोरच्या टपरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, उठले, परत बसले. टपरीवाल्याला वाटलं, बाईचं काहीतरी बिनसलंय.

आणि तिथूनच माझ्या मागं ही साडेसाती लागली. वजन उतरलं ना, मग आता तो पट्टा कशाला? गरज सरो, वैद्य मरो!

त्यात सासूबाईंचा नवस निघाला. मी पुण्याला टेबलावर असताना त्या गावी देवापुढं उभ्या राहून बोलल्या होत्या: सून मापात येऊ दे, जत्रेत तिला गुळात तोलीन. आमच्याकडं असा नवस असतो. एका पारड्यात माणूस, दुसऱ्या पारड्यात गूळ, आणि तो गूळ मग सगळ्या गावाला वाटायचा. इथवर ठीक होतं. पण त्याला त्यांनी पुढं जोड दिली होती, "आणि तिच्या पोटातलं ते काढून तिला मोकळी करीन." एवढी वर्षं कुणाला बोलल्या नाहीत. वजन मापात आल्याचं कळल्यावर फोनवर सांगितलं.

"आवं, पण मला विचारलं का कुणी?" मी यांना म्हटलं.

"आईनं देवाला शब्द दिलाय."

"माझ्या पोटाच्या जिवावर? नवस त्यांचा, पोट माझं. त्यांनी आपलं काय असेल ते काढावं!"

यांनी पेपर उघडला. आमच्या घरात नवस मोडणं म्हणजे काय असतं ते मलाही माहीत होतं. पुढं घरात कुणाला साधं खोकला-पडसं झालं तरी बोट माझ्याकडंच येणार. शिवाय सासूबाई तशा माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत, हेही होतं. वाईट बाई असती तर मी एका वाक्यात मोकळी झाले असते.

साताऱ्याला आईकडं गेले, तर तिथंही तेच. आई पेढ्याचा बॉक्स पुढ्यात धरून, "चेहरा बघ कसा उतरलाय, खा गं एक, माझ्यासाठी." भाऊ म्हणाला, "तसल्या पट्ट्यानं बारीक होणं म्हणजे कॉपी करून पास होणं. झालीस ना पास? आता चिठ्ठी फेकून दे." माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "दादा, तुला लहानपणी चष्मा लागला. आता वाचायला चांगलं येतंय ना? मग काढून फेक बघू." तो हसला, आई हसली, मी हसले नाही. कॉपी म्हणे! चारचौघांत फेस यायला लागल्यावर पदर तोंडाला लावून पळायचं, लग्नात पंगतीतून उठून जायचं, लोकांचा आग्रह ढकलत ढकलत माणूसघाणी ठरायचं, ही कॉपी? ज्याचं जळतं त्याला कळतं.

पण खरं सांगू? मनातून मी हलले होते. मलाही खावंसं वाटत होतं. अख्खी गरम भाकरी, तांबडा रस्सा, कांदा फोडून, बोटं चाटून. माझ्या हातच्या भाकरीची चव मला सोडून सगळ्या माधवनगराला माहीत होती. याचं मला लय वाईट वाटायचं.

सांगलीतल्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या दरवर्षी माझा पट्टा तपासायच्या. त्यांनी फिल्म काढली, बघितली आणि सरळ बोलल्या. "जागेवर आहे, त्रास देत नाही. ठेवला तर तपासत राहायचं, कारण पुढंमागं सरकला किंवा आत रुतला तर काढावाच लागेल. काढला तर भूक परत येईल, आणि बऱ्याच जणांचं वजनही परत येतं. दोन्हींत तोटा आहे. तुम्हीच ठरवायचं."

"मीच?"

"मग काय मी? पोट तुमचं आहे."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. एवढ्या सगळ्यांत हे वाक्य म्हणणारं पहिलं माणूस भेटलं. मग त्यांनीच सुचवलं, काढायच्या आधी पाणी काढून पट्टा सैल करून बघू, जत्रेला अवकाश आहे. पट्टा आत राहील, पण नसल्यासारखा. मी हो म्हटलं.

पहिल्या रविवारी मी अख्खी भाकरी खाल्ली. रश्शात चुरून, वर कांदा, लिंबू. काही अडलं नाही, फेस नाही, मोरी नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही तिखटाचं नव्हतं. आमच्या ह्यांनी मला दुसरी भाकरी आपल्या हातानं वाढली. "आता कशी माणसात आलीस," म्हणाले. बिचाऱ्यांना केवढा आनंद! त्यांनी गावी फोन करून आईला सांगितलंसुद्धा की सून जेवली.

आठवडाभर मजा झाली. मग ती परत आली. माझी भूक. पोटात कावळे ओरडतात ती भूक नव्हे; ती बरी असते, खाल्लं की जाते. ही तसली नव्हे. ही जेवल्यावर येते. पहिल्या भाकऱ्या तव्यावरून उतरल्या की माझा हात आपोआप जायचा. लसणाची चटणी, त्यावर तेल, उभ्या उभ्या एक. रांग वाढली की घाईत दुसरी. रांग सरली की उरलेली. आणि गंमत बघा, चव लागायची बंद झाली होती. त्या पहिल्या रविवारची चव मला परत एकदाही मिळाली नाही. नुसता हात आणि तोंड, हात आणि तोंड. ब्लाउजचं खालचं हूक लागेना. जिना चढताना उजवा गुडघा म्हणाला, आलो गं बाई परत.

एका दुपारी गिऱ्हाइकाला द्यायच्या भाकऱ्यांतली एक माझ्या तोंडात होती आणि तो डबा पुढं करून उभा होता. मला माझीच लाज वाटली, आणि लगेच रागही आला. कुणाचा म्हणाल तर सगळ्यांचा. हे सगळं मला ठाऊक होतं! माझी भूक कसली आहे ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि मी पेढ्याच्या बॉक्सला, चिठ्ठीच्या टोमण्याला आणि देवाला न विचारता दिलेल्या शब्दाला भुलून ती सोडवून बसले होते. हात धुतले, शेगड्या बंद केल्या, केंद्राला कुलूप घातलं. एकटीच दवाखान्यात गेले आणि म्हटलं, "आवळा."

संध्याकाळी यांना सांगितलं. हे उठून उभेच राहिले. "अगं, जत्रा तोंडावर आलीय. आईला काय सांगू?"

"खरं सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते. मारुतीच्या देवळात माईक घेऊन सांगू का?"

"आणि नवस?"

"गुळात बसते ना! एवढा आटापिटा करून मापात आले ती काय घरात बसायला? पण पट्ट्यासकट बसणार. तुमच्या देवाला चालत नसेल तर त्यानं मला सांगावं, मधल्या दलालांनी नको."

हे कळवायचं काम त्यांनी केलंच नाही. वडापच्या जीपमधून गावी जाताना अख्खी वाट ते बाहेरच्या कुसळांकडं बघत बसले होते. म्हणजे ते मलाच करायचं होतं.

देवळापुढच्या लिंबाला मोठा ताजवा टांगला होता. गूळ आणायचं काम धाकट्या दिरांचं. शेती आणि मेंढरं तेच बघतात. गडी मनानं चांगला, पण उचलली जीभ की लावली टाळ्याला. टेम्पोतून ढेपा उतरवायला लागले ते उतरवतच राहिले. मी म्हटलं, "भावजी, गावजेवण हाय का?" तर म्हणाले, "वैनी, तुमास्नी तोलायचं म्हटल्यावर अंदाजानं आणलं." अंदाज जुना होता! खुर्ची घेऊन उठणाऱ्या वैनीचा. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि एक म्हातारी म्हणाली, "देवाचं लय नुकसान केलंस गं पोरी. तवाच तोलायला पायजे हुतीस."

मग पुजाऱ्यांनी विचारलं, "नवसाचं सगळं झालं न्हवं? पोटातलं काढलं न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. "आणि काढणार नाही."

 हे चपलांकडं बघायला लागले. धाकटे दीर पुढं आले, समजुतीच्या सुरात. "आवं वैनी, असं बगा. मळणीला बैलाच्या तोंडाला मुस्कं बांधतो, कणसं खाऊ ने म्हणून. मळणी झाली की सोडतो. तुमची मळणी झाली. आता मुस्कं कशाला?"

लोकांना ते पटलं. दोघातिघांनी मानासुद्धा हलवल्या. गडी चुकीचं बोलत नव्हता, बैलाच्या बाबतीत.

"भावजी," मी म्हटलं, "बैलाला मुस्कं मालक बांधतो. माझं मी बांधलंय. माझ्या मळणीला मालक मीच, आणि ती संपली का नाही हे मीच सांगणार."

"पर अंगात परकी वस्तू घिऊन देवाच्या ताजव्यात—" पुजारी.

"मामा, तुमच्या मांडीत ऑपरेशननं घातल्याली सळी हाय. तुमी गाभाऱ्यात जायचं सोडलं व्हय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पुजाऱ्यांनी मांडीवरून हात फिरवला आणि सासूबाईंकडं वळले. "नवस तुमी बोललायसा. तुमीच सांगा."

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या.   त्या नाही म्हणाल्या असत्या तरी मी पट्टा काढणार नव्हते, पण त्या ताजव्यात मला बसायचं होतं. चोरासारखं नव्हे, सगळ्यांदेखत बसायचं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, देवाकडं बघितलं.

"बस गं पोरी," म्हणाल्या. "त्येला काय सांगायचं त्ये मी सांगते."

मी बसले. पारडं वर गेलं, खाली आलं, ढेपा चढल्या, काही उतरल्या, आणि दांडी आडवी झाली. हलगी वाजली. टेम्पोतला बराच गूळ तसाच उरला होता, आणि देवाच्या नावानं आलेला गूळ घरी परत न्यायचा नसतो. दीर डोकं खाजवायला लागले. तेव्हा सासूबाई पायरीवरून उठल्या. "मग मला बशिवा. मी काय वजनात न्हाई व्हय?"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. त्यांना पारड्यात चढवायला मी कमरेला हात घातला. चिमणीएवढी बाई. आणि लुगड्याखाली, पोटापाशी, माझ्या हाताला काहीतरी कडक लागलं. गाठ होती. माझा हात तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून सांगितलं.

दुपारी पंगत बसायच्या आधी त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं, दाराला कडी घातली आणि लुगडं सैल केलं. पोटाला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलेलं होतं, धुऊन धुऊन विरलेलं. चढता-उतरताना सुटलं होतं.

"हात पुरत न्हाई मागं. बांध."

"आत्याबाई, हे काय?"

"दुष्काळात बांधलं. मेंढरं घिऊन चालायचो, असंल ती भाकरी पोरांस्नी. आपण ह्ये आवळायचं, मंजी आतलं वरडत न्हाई." त्यांनी फडकं चाचपलं. "मागनं चांगलं दिस आलं. सोडून बगितलं. जेवले तरी आत नुसता खड्डा. मग बांधलं पुन्ना."

"आणि तेव्हापासून?"

"तवापास्नं."

"कुणी म्हणालं नाही, आता सोडा म्हणून?"

"कुणाला ठावं हाय?"

 मी सगळ्या गावाशी भांडले होते आणि या बाईनं जन्मभर कुणाला कळूसुद्धा दिलं नव्हतं. मग एकदम रागच आला. "मग देवापुढं माझं काढायचं का बोललात? तुम्हाला तर कळत होतं!"

त्या फडक्याचं टोक हातात धरून उभ्या होत्या.

"म्हटलं," त्या म्हणाल्या, "तू तरी सुटशील."

बाहेर पानं मांडल्याचा आवाज येत होता. धाकट्या दिरांनी दारावर थाप मारली, "वैनी, चला जेवाय! आज पोटभर, आज कुणाचं काय चालायचं न्हाई!"

"तिचं प्वाट तिला कळतंय," सासूबाई आतून ओरडल्या. "तू तुझं बग, हांड्यायेवढं झालंय!"

मी फडकं त्यांच्या पोटाभोवती फिरवलं आणि मागं गाठ घातली.

"एवढं?"

"आणि जरा."

आवळलं.

"बास," त्या म्हणाल्या. आणि आम्ही दोघी जेवायला गेलो.